मला इचारलान नाय

जानेवारीत शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचे विषय लिहून आणतात. बहुतेक शीर्षकं एकाच साच्यातली असतात. ‘रत्नागिरी जिल्ह्यातील जमीनविषयक वाद : कारणे व उपाय’. मी पेन्सिल घेते आणि ‘व उपाय’ एवढे दोन शब्द खोडते. मुलं गोंधळतात. एक जण हमखास म्हणतो, “मॅडम, उपाय नाही लिहिले तर प्रकल्प अर्धा वाटेल.”

वाटू दे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या भांडणावर उपाय सांगायची घाई झालेली असते, आणि ती घाई अंगातून काढणं हेच माझं निम्मं काम आहे. बरीच वर्षं मी कोकणातल्या एका गावी कायदा शिकवते. वैकल्पिक तंटा निवारण, म्हणजे कोर्टाच्या निकालाशिवाय तंटे मिटवण्याच्या पद्धती, हा माझा विषय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी तो कायद्याच्या पदवीला सक्तीचा केला आणि तो नुसता पुस्तकातून उरकू नये, प्रत्यक्ष प्रकरणं आणि सराव यांतून शिकवावा असंही सांगितलं. पुष्कळ ठिकाणी याचा अर्थ एक प्रश्नावली, पन्नास उत्तरं आणि चार रंगीत आलेख असा होतो. मी तसं करू देत नाही. एका विद्यार्थ्याने एकच वाद घ्यायचा. दोन्ही बाजूंना भेटायचं, एकदा नव्हे, तीन-चारदा. लोकअदालतीच्या दिवशी मागच्या बाकावर बसून नुसतं बघायचं. रोजची वही ठेवायची आणि दर शनिवारी ती माझ्यासमोर उघडायची. शेवटी अहवाल. त्यावर त्याची सही वर, माझी सही खाली, ‘मार्गदर्शक’ म्हणून.

ही खालची सही मला अजूनही जड जाते. का, ते पुढे सांगते.

आमच्या मुलांची एक अडचण शहरातल्या मुलांना नसते. मूल वही घेऊन वाडीत शिरलं की पहिला प्रश्न त्यालाच येतो, “तू कोणाचा?” आडनाव सांगितलं की गाव कळतं, गावावरून वाडी कळते, वाडीवरून भावकी कळते आणि मग बसायला खुर्ची द्यायची की पडवीच्या कठड्यावरच बोळवण करायची हे ठरतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की मध्यस्थ तटस्थ हवा, दोन्ही बाजूंना परका हवा. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ साली शांतता अभ्यासाचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल हे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. नायजेरिया आणि त्यातून फुटून निघालेला बियाफ्रा यांच्या युद्धात दोन्हीकडे जाऊन बोलणाऱ्या क्वेकर मंडळींत ते होते. तिथे त्यांचं बळ हेच होतं की ते कोणाचेच नव्हते. आमच्याकडे कोणाचाच नसलेला माणूस वाडीत शिरला तर लोक त्याला जमिनीचा दलाल समजतात, आणि हल्ली बऱ्याचदा तो तसा असतोही.

म्हणून मुलांना मी दुसरं उदाहरण देते. पॉल वेर आणि जॉन पॉल लेडराक या दोघांनी १९९१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या मध्यस्थीबद्दल लिहिलं. निकाराग्वात त्यांना दिसलं की लोक मध्यस्थ म्हणून परक्याला बोलवत नाहीत, ओळखीच्या, आतल्या, एका बाजूशी नातं असलेल्याच माणसाला बोलवतात. कारण त्यांना हवा असतो तो विश्वास. त्याला त्यांचा शब्द आहे ‘कॉन्फियान्सा’. हे ऐकल्यावर वर्गातल्या मुलांचे चेहरे सैल होतात. आपण कोणाचे आहोत हे लपवण्याची गरज नाही, ते आधी सांगायचं आणि मग बसायचं, एवढं त्यांना कळतं. “मी अमक्याची नात. तुमच्या समोरच्या पार्टीच्या सुनेचं माहेर आणि माझं आजोळ एकच. तरी बोलाल का?” असं विचारून कामाला लागलेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्याशी लोक बोलले.

आता त्या सहीबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने बांधाच्या वादावर प्रकल्प केला. अंगमेहनतीने केला. नावं बदलली होती, गावाचं नाव काढलं होतं. मी दोनदा वाचला, शुद्धलेखन तपासलं, सही केली. त्यात एक वाक्य होतं, की शेजारचे निवृत्त पोस्टमन सांगतात, बांध पूर्वी आंब्याच्या पलीकडून होता. त्या वाडीत निवृत्त पोस्टमन एकच. नाव बदलून काय उपयोग होता? अहवालाची झेरॉक्स कशी फिरली ते मला कधी कळलं नाही, पण मोजणीच्या वेळी एका बाजूने ते पान काढून दाखवलं. त्या माणसाने आमच्या मुलावर विश्वास ठेवून, ओटीवर बसून, चहा पिताना सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून फडफडवली गेली. दुसऱ्या बाजूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्याच घरातून त्यांच्या घरी वर्षानुवर्षं नारळ यायचे, ते बंद झाले.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, गूळ दिला. मी म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणाले, “पोराचा दोष नाय.” माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. ते बरोबर होतं. पोराचा दोष नव्हताच. विद्यार्थी चुकणारच, तो चुकू नये म्हणून तर वर कोणीतरी नेमलेलं असतं. त्या दिवसापासून मी अहवाल वाचते तो प्राध्यापक म्हणून नाही, त्या वाडीतल्या सर्वांत संशयी माणसाच्या डोळ्यांनी वाचते. ‘हा कोण असेल’ हे ओळखता आलं की वाक्य जातं, कितीही चांगलं असलं तरी.

तर ही वाटेची गोष्ट. वाडी कुठली, साल कुठलं हे याच कारणाने सांगत नाही, आणि दोन-तीन खुणाही मुद्दाम बदलल्या आहेत. काळ फेब्रुवारी-मार्चचा, काजूच्या दिवसांतला, शिमगा तोंडावर आलेला.

माझ्या एका विद्यार्थिनीने घेतलेला वाद असा. सत्तरी ओलांडलेली एक बाई, घरात एकटी. मुलगा आखातात. तिच्या घरापासून रस्त्यावर यायची वाट दिराच्या मुलाच्या परड्यातून जायची. पुतण्या मुंबईला. त्याने गावच्या घराची डागडुजी केली, पाहुणे उतरवायला दोन खोल्या काढल्या आणि परड्याभोवती चिऱ्याचा गडगा घातला. वाट गडग्यात गेली. मात्र पुतण्याने काकीला अडवलं नाही. बाजूने, आपल्याच जमिनीतून, नवी वाट सोडली. जुन्या वाटेपेक्षा रुंद, वर पेव्हर ब्लॉक घातलेली, पावसात पाय घसरू नये अशी. तरी बाईने तहसीलदारांकडे अर्ज केला.

कायदा काय म्हणतो ते माझ्या विद्यार्थिनीने चोख लिहिलं होतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्क म्हणून वापरली तर तिच्यावर वहिवाटीचा हक्क तयार होतो. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. बांधावरून वाट मागायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तिने तिन्ही मांडली, प्रत्येकात बाईची बाजू किती टिकेल ते लिहिलं आणि शेवटी निष्कर्ष काढला, की पर्यायी, अधिक सोयीची वाट उपलब्ध असूनही अर्जदार हट्टी असल्याने वाद मिटत नाही.

मी ‘हट्टी’ वर पेन्सिल ठेवली. “हे तिने सांगितलं की तू?”

“मॅडम, तिथे गेल्यावर कळतंच ना.”

“वही काढ.”

वहीत बाईचं म्हणणं एका ओळीत होतं. ‘वाट पाहिजे.’ मी विचारलं, हे तिचे शब्द आहेत का? मुलगी थांबली. म्हणाली, तिच्या बोलण्याचा अर्थ तोच होता. मी तिला परत पाठवलं. अर्थ लिहू नकोस म्हटलं, तोंडातून आलं तसंच लिही. संगमेश्वरी बोली असेल तर संगमेश्वरी. तुझी शुद्ध भाषा तिच्या तोंडात घालू नकोस.

दुसऱ्या शनिवारची वही माझ्याजवळ आजही आहे, त्या मुलीने ती मला देऊन टाकली. ती गेली तेव्हा बाई पडवीत विळीवर ओल्या काजूबिया चिरत बसली होती. डिंकाने हात भाजू नयेत म्हणून शेजारी वाडग्यात चुलीतली राख घेतलेली. एक बी चिरायची, गर काढून पाण्यात टाकायचा, बोटं राखेत बुडवायची, पुढची बी घ्यायची. मुलीने काही विचारलं नाही. तीही बसली आणि गर सोलायला लागली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. अर्धा तास असा गेल्यावर बाई बोलली, आणि मुलीने घरी येऊन, काजूच्या डिंकाने काळ्या झालेल्या बोटांनी, तारीख आणि वेळ घालून लिहिलं :

‘वाट चांगली दिलान. लाद्या घातलान. पन मला इचारलान नाय.’

त्याखाली थोडी जागा सोडून आणखी एक वाक्य : ‘पालखी कदी मागीलदारानं येते काय?’

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्यांना आमच्याकडचा शिमगा ठाऊक आहे त्यांना यातलं सगळं एका क्षणात कळेल. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून निघते आणि घरोघर जाते. कुठल्या घरी आधी, कुठल्या घरी नंतर, कोणी खांदा द्यायचा, कोणी आरती करायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्याला मान म्हणतात, आणि मानावरून या किनाऱ्यावर जेवढी डोकी फुटली आहेत तेवढी जमिनीवरून तरी फुटली असतील का, मला शंका आहे. जुनी वाट या बाईच्या पुढच्या अंगणात उतरायची, तुळशीसमोर. नवी वाट घराला वळसा घालून न्हाणीपाशी निघत होती, मागीलदारी. म्हणजे देव येणार तो मागच्या दाराने, मोरी ओलांडून, आणि तेही पुतण्याच्या घराला आधी भेट देऊन.

सातबाऱ्यावर यातलं काही दिसत नाही. कलम १४३ मध्ये पालखी नाही. आमच्या प्रश्नावलीत ‘वादाचे कारण’ या रकान्यापुढे जमीन, पाणी, रस्ता, वारसा, इतर, एवढेच पर्याय होते. ती प्रश्नावली मी त्या वर्षीपासून बंद केली.

पुतण्याशी बोलणं फोनवर झालं, रविवारी, कारण इतर दिवशी तो लोकलमध्ये असायचा. मुलगी धरून चालली होती की हा मुंबईकर, पैशाचा माज असलेला. निघाला साधा, थकलेला माणूस. कर्ज काढून घर केलेलं. त्याने सांगितलं, “मी विचारलं होतं. दादाला व्हॉट्सॲप केला होता. त्याने अंगठा पाठवला.” दादा म्हणजे बाईचा आखातातला मुलगा. त्याने अंगठा पाठवला आणि आईला सांगायचं राहून गेलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई आणि मुलगा दोघांचीही नावं आहेत. पण विचारायचं म्हटल्यावर पुतण्याला आठवला तो मुलगा. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. आमच्याकडे वाटण्यांच्या बैठकीत बायकांना असंच विसरलं जातं. द्वेषाने क्वचित, बहुतेकदा सवयीने. बहिणींच्या तर हक्कसोडपत्रावर सह्या घेतात आणि वर साडी देतात.

आता त्या मुलीपुढे जे आलं ते मला तिच्या जागी त्या वयात आलं असतं तर मी नक्की चुकले असते. तिच्या हातात दोन्ही बाजूंची किल्ली होती. बाईला फक्त विचारलं जायला हवं होतं आणि पालखी पुढल्या दाराने यायला हवी होती. पुतण्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत झालं असतं तर त्याने नाही म्हटलं नसतं. एक फोन. मुलगी शनिवारपर्यंत थांबली नाही, बुधवारीच माझ्या घरी आली. “मॅडम, मी त्याला फोन करून सांगते. शिमग्याला आठ दिवस आहेत. मिटून जाईल.”

मी नाही म्हटलं.

ती रडली नाही, चिडली. म्हणाली, मग आपण हे शिकतोय कशासाठी? आपल्याला कळलंय, आणि आपण गप्प बसायचं, का तर नियम? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तिला म्हटलं, बाईने हे तुला सांगितलं, पुतण्याला नाही. तिला त्याला सांगायचं असतं तर तिच्याकडेही त्याचा नंबर आहे. मध्यस्थाने एका बाजूचं बोलणं दुसरीकडे नेऊ नये म्हणून २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेचं कलम लिहिलंय. तू तर मध्यस्थही नाहीस. तुला कोणी नेमलेलं नाही, दोघांनी मिळून बोलावलेलं नाही. तू अभ्यास करायला गेलेली पाहुणी आहेस. आम्ही दोघी तासभर वाद घालत होतो. शेवटी मीच म्हटलं, ज्या दोन माणसांचं हे भांडण आहे त्यांतल्या एकीला विचारल्याशिवाय आपण इथे बसून ठरवतोय. पुतण्याने केलं तेच आपण करतोय.

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेली आणि बाईला विचारलं, “आजी, हे मी त्यांना सांगू का?”

बाई म्हणाली, “नको. माज्या तोंडाला काय झालंय?”

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये एक गोष्ट मांडली, की भांडण ही माणसांची मालमत्ता असते आणि वकील, न्यायालयं, तज्ज्ञ मंडळी ती त्यांच्याकडून काढून घेतात. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. सातबाऱ्याच्या, गुंठ्या-गुंठ्याच्या या मुलखात मालमत्ता म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी त्या बाईने ते ज्या पाच शब्दांत सांगितलं त्यानंतर मी क्रिस्टींचं नाव आधी घेत नाही. आधी ती वही वाचून दाखवते.

याचा अर्थ असा नाही की भांडण ज्याचं त्याने मिटवावं आणि आपण बाजूला उभं राहावं. हे लिहिलं नाही तर माझं म्हणणं अर्धवट राहील. काही भांडणांत दोन बाजू एका पातळीवर उभ्याच नसतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर माझ्या एका विद्यार्थ्याने काम केलं. पर्ससीन नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांचा तो जुना वाद. पर्ससीनवाला एका घेऱ्यात अख्खा थवा उचलतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारे किंवा छोट्या होडीवरून जाळं टाकणारे रिकाम्या हाताने परततात. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, २०२१ मध्ये कायद्यात दंड वाढवले. तरी वाद संपलेला नाही, कारण समुद्रात राज्याच्या हद्दीची बारा सागरी मैलांची रेघ आखलेली दिसत नाही आणि गस्तीची नौका प्रत्येक जागी नसते. त्या मुलाच्या वडिलांची स्वतःची पर्ससीन नौका होती. त्याने ते पहिल्याच पानावर लिहिलं. त्याच्या अहवालात एका म्हाताऱ्या रापणकराचं म्हणणं होतं, की समेट करायला बसतो तेव्हा खुर्च्या दोनच असतात, बांगड्याला आणि तारलीला खुर्ची नसते. टेबलाशी न बसलेल्या बाजूचं काय, हा प्रश्न त्याने मांडला आणि सोडवला नाही. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले.

आणि त्याहूनही जुनं सांगायचं तर चरी. अलिबाग तालुक्यातलं गाव. खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जाचाविरुद्ध तिथल्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी १९३३ च्या ऑक्टोबरात संप केला, जमिनी कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक, माणसं लाकूडफाटा विकून जगली. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. मी मुलांना विचारते, १९३४ मध्ये तुम्ही तिथे प्रकल्पाला गेला असतात तर काय सुचवलं असतंत? दोघांनी थोडं थोडं मागे या? वर्गात शांतता होते. ती शांतता मला हवी असते. तंटा मिटणं आणि अन्याय मिटणं या दोन गोष्टी आहेत, आणि आमचा विषय शिकताना पहिलीच्या हौसेत दुसरी हातून निसटते.

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला होता, आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. कोर्टात वर्षानुवर्षं हेलपाटे घालणाऱ्या कित्येक घरांना तिने गावातच बसून बोलायची जागा दिली. पण गावाला बक्षीस मिळायचं असलं की ज्याचा तंटा शिल्लक आहे त्याच्याकडे गाव कसं बघतं, तेही मी पाहिलंय. आमच्या वाटेवाल्या बाईलासुद्धा दोघा-तिघांनी सांगितलं होतं, काकी, आता सोडा, गावाचं नाव खराब होतं. एकानेही तिला विचारलं नव्हतं की तुमचं नेमकं काय दुखलं.

शिमग्याला पुतण्या आला, सगळे चाकरमानी येतात तसा. बाईने त्याला घरी बोलावलं. दार लावून दोघं बोलले. काय बोलले ते तिने माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पालखीच्या रात्री गडग्याचं लोखंडी गेट सताड उघडलेलं होतं. खेळे, ढोल, अब्दागिरी, सगळं पुतण्याच्या अंगणातून जुन्या वाटेने खाली उतरलं आणि पालखी तुळशीपुढे नाचली. दुसऱ्या दिवशी गेट पुन्हा लागलं. गडगा अजून आहे, बाई रोज लाद्यांच्या वाटेनेच जाते-येते. आणि तहसीलदारांकडचा अर्ज तिने मागे घेतला नाही. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाली, पालखीचं पालखीपाशी, अर्जाचं अर्जापाशी. मुलगा रिटायर होऊन आला की त्याला हा गडगा नडेल, हे तिच्या डोक्यात होतं. तिच्या म्हणण्यात कुठेही हट्ट नव्हता, हिशोब होता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, “मग वाद मिटला का?” मुलगी म्हणाली, “सर, कुठला? त्यात तीन होते.” परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिनेच सांगितलं, एक वाटेचा, एक मानाचा, एक न विचारल्याचा. एक मिटला, एक वर्षातून एका रात्रीपुरता मिटला, एक तहसीलमध्ये आहे.

पण मला जे आठवतं ते परीक्षेच्या आधीचं. पोस्टमनच्या प्रकरणानंतर मी एक पद्धत घातली आहे. अहवाल बांधायला टाकण्यापूर्वी, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तो वाचून दाखवायचा, दोघांना वेगवेगळा, ज्याचा त्याला त्याचा भाग. जे नको म्हणतील ते काढायचं. त्या वेळी मीही मुलीबरोबर गेले. कातळावरून ऊन भाजून येत होतं. अंगणात मांडवाखाली बसलो. मुलगी वाचत होती, बाई डोळे मिटून ऐकत होती. पालखीचं वाक्य आलं तेव्हा मुलीने विचारलं, “हे ठेवू का, आजी? यावरून कोणी ओळखेल.” बाई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. खरं हाय ते.” मग आम्ही तिघींनी बसून दुसऱ्या काही खुणा बदलल्या, तिच्याच सल्ल्याने. कुठली खूण कोणाला ओळखू येईल हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं?

वाचून संपलं. बाईने डोळे उघडले.

“सगळं बराबर लिवलंस. येकच चुकलंस. वाट तीन हात लिवलंस ना? चार हात व्हती. दोन मानसं घागरी घेऊन येकमेकीला न लागता जायची.”

मुलीने पिशवीतून पेन काढलं, तीनवर काट मारली, वर चार लिहिलं आणि पान बाईपुढे धरलं. बाईला वाचता येत नव्हतं. तरी तिने ते पान हातात घेतलं, आकड्यावर बोट ठेवलं, आणि विचारलं, “हा चार काय?”